पंधरा वर्षांची गाडी इंदुरात मोडीत काढायची, तर कुणाकडे?

राजेंद्र नगर असो की सुदामा नगर, दाराशी उभ्या असलेल्या 2009-10 च्या वॅगन आर, सँट्रो, इंडिका यांना काढून टाकायचं ठरलं तर तीनच वाटा आहेत: लोहामंडीचा कबाडी, नव्या गाडीच्या शोरूममधलं एक्सचेंज, नाहीतर सरकारमान्य स्क्रॅप केंद्र. तिन्हीकडे पैसे मिळतात. किती मिळतात हे सगळेच विचारतात. पैसे मिळाल्यावर आपल्या मागे काय उरतं हे फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते निवड तिथेच ठरते.

आधी एक गैरसमज दूर करू. पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी मोडलीच पाहिजे, असा नियम आपल्याकडे नाही. वयावर बंदी घातली गेली ती दिल्ली परिसरात, डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची. मध्य प्रदेशात फॉर्म 25 भरून, गाडी तपासून घेऊन नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते. मात्र 1 एप्रिल 2022 पासून त्याची फी कारला 600 वरून 5,000 झाली. वीस वर्षांवरच्या कारला ऑगस्ट 2025 पासून 10,000 लागतात. मुदत उलटून गेली असेल तर केंद्राच्या नियमाप्रमाणे महिन्याला 500 रुपये उशिराचा भुर्दंड वेगळा. त्यावर टायर, लाइट, सायलेन्सर असं जे जे तपासणीत अडेल त्याचा खर्च. इंजिन धूर सोडत नसेल, पायाखालचा पत्रा गंजाने खाल्लेला नसेल, तर नोंदणी वाढवून गाडी खुशाल चालवावी. पत्रा खाल्ला असेल तर मात्र त्या गाडीवर आणखी पैसा घालू नये. पुढचं सगळं अशा गाडीबद्दल आहे.

कबाडी: भाव चांगला, काटा सांभाळा

कबाडीचा मोठा गुण म्हणजे वेग. सकाळी फोन, दुपारी गाडी उचलली, हातात रोख. भावही अनेकदा स्क्रॅप केंद्रापेक्षा दोन-चार हजारांनी वर असतो आणि त्याचं कारण साधं आहे. तो गाडी लोखंड म्हणून घेत नाही, सुट्या भागांचा ढीग म्हणून घेतो. चालतं इंजिन, गिअरबॉक्स, अल्टरनेटर, स्टार्टर, दरवाजे, काचा, हेडलाइट यांना जुन्या पार्ट्सच्या बाजारात गिऱ्हाईक असतं. सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. त्याचा भाव कबाडी कधी स्वतःहून सांगत नाही. कन्व्हर्टर जागेवर आहे की नाही हे गाडी जॅकवर घेऊन आधी आपणच पाहून ठेवावं. सुट्या भागांना गिऱ्हाईक असल्यामुळे खूप विकल्या गेलेल्या मॉडेलला कबाडी चढा भाव देतो, आणि ज्याचे पार्ट कुणी विचारत नाही त्या गाडीला फक्त लोखंडाचा.

सौदा दोन प्रकारे होतो: ‘उचल’ म्हणजे एकरकमी, नाहीतर किलोवर. किलोवर असेल तर धर्मकाट्यावर स्वतः जावं. आधी रिकाम्या ट्रकचं वजन होतं, मग गाडी चढवून भरल्या ट्रकचं. रिकाम्याच्या वेळी ड्रायव्हर केबिनमध्ये बसलेला आणि भरल्याच्या वेळी खाली उतरलेला असेल, तर तिथेच साठ-सत्तर किलो गेले. किलोला 25 रुपये धरले तर दीड-पावणेदोन हजारांचा फटका. काटा 5 किंवा 10 किलोच्या टप्प्यानेच दाखवतो, तेवढा फरक सोडून द्यावा. पण स्टेपनी, बॅटरी आणि सीट आधीच उतरवून ठेवून ‘आता वजन करू’ म्हटलं जात असेल, तर दर ठरला तेव्हा काय धरलं होतं ते तिथल्या तिथे विचारावं. दोन्ही पावत्यांवर वेळ छापलेली असते. त्या आपल्याकडे ठेवाव्यात.

इथपर्यंत कबाडीवर माझा काही आक्षेप नाही. अडतं ते यापुढे.

नाव

गाडी गेली, पैसे आले, पण ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत मालक म्हणून आपणच. मला तिन्ही वाटांतली हीच एक गोष्ट खटकते आणि माझा निर्णय हिनेच केला.

आरटीओच्या लेखी गाडी दोनच तऱ्हांनी आपली राहत नाही: ती दुसऱ्याच्या नावावर होते किंवा तिची नोंदणी रद्द होते. गाडीचे तुकडे झाले हे आरटीओला आपोआप कळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करायची असते. कबाडीला गाडी देऊन आलेला माणूस नायता मुंडलाच्या आरटीओत जाऊन पुरावा काय दाखवणार? पावती नाही, चेसिस नंबरचा तुकडा नाही. म्हणून बहुतेक जण जातच नाहीत, आणि आरसी एक तर कपाटात पडून राहते किंवा ‘साहेब, ती पण द्या’ म्हणून कबाडीच घेऊन जातो.

आरसी कबाडीला देणं ही यातली सगळ्यात मोठी चूक. मोडलेल्या गाडीची आरसी आणि तिचा चेसिस नंबर ठोकलेला पत्र्याचा तुकडा, एवढ्यावर त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी ‘कागदवाली’ होते. मग रस्त्यावर धावणारी ती गाडी कागदोपत्री आपली असते. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचं ई-चलन आपल्याला येतं, आणि अपघात झाला तर नोटीसही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. विमा तर आपण गाडी दिल्यापासून भरलेलाच नसतो. म्हणजे ती रक्कम सरळ आपल्या खिशातून.

चेसिस नंबर कुठे असतो हे कबाडीकडे देणाऱ्याने तरी माहीत करून घ्यावं. बहुतेक छोट्या गाड्यांत बॉनेट उघडल्यावर इंजिनच्या मागच्या उभ्या पत्र्यावर तो ठोकलेला असतो. काही गाड्यांत पुढच्या सीटखाली, गालिचा उचलल्यावर दिसतो. कापडाने ग्रीस पुसून, खडू घासला की आकडे उठून दिसतात. कबाडीकडेच द्यायची ठरली असेल, तर आपल्यासमोर ग्राइंडरने तेवढा पत्रा कापून घ्यावा, दोन्ही नंबर प्लेट काढून घ्याव्यात आणि आरसी हातची सोडू नये. एवढं करूनही नोंदणी रद्द होत नाही. धोका कमी होतो, इतकंच.

आणखी एक गोष्ट, जी पैशात मोजता येत नाही. छोट्या गाडीत तीनेक लिटर इंजिन ऑइल, तेवढंच कूलंट, शिवाय गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, बॅटरीतलं ॲसिड आणि एसीचा गॅस असतो. उघड्यावर गाडी कापली की हे सगळं जमिनीत मुरतं, नाल्यात जातं, आणि आपल्याकडचे नाले शेवटी कान्ह नदीलाच मिळतात. ज्या शहराने ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय घराघरात लावून घेतली, त्या शहरात गाडीचं जळकं तेल मातीत जाऊ द्यावं हे मला पटत नाही.

एक्सचेंज: दोन रकमा वेगळ्या करा

शोरूममधला माणूस एकच मोठा आकडा सांगतो. समजा, ‘तुमच्या गाडीचे 45,000’. यात दोन गोष्टी कालवलेल्या असतात: गाडीची किंमत आणि कंपनीचा एक्सचेंज बोनस. सगळ्यात आधी ‘जुनी गाडी न देता’ नव्या गाडीचं लेखी कोटेशन घ्यावं, मग ‘जुनी गाडी देऊन’ दुसरं. दोन्हींची एकूण रक्कम शेजारी शेजारी ठेवली की खरा फरक दिसतो. बऱ्याचदा बोनस वजा केल्यावर गाडीचे वीस-पंचवीस हजारच उरतात, म्हणजे भंगाराचाच भाव. वर जी रोख सवलत बोनसशिवायही मिळाली असती, ती बोनसच्या नावाखाली गेलेली असते.

आता नावाचा प्रश्न. शोरूम ही गाडी स्वतःकडे ठेवत नाही, ब्रोकरला देते. आपल्याकडून फॉर्म 29 आणि 30 या मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या जातात, आणि गाडी कुणाच्या नावावर करायची ते पुढे केव्हातरी ठरतं. गाडी विकली की 14 दिवसांत, आणि घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर 45 दिवसांत, आरटीओला कळवण्याची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्यावर म्हणजे आपल्यावर आहे. कोऱ्या फॉर्मवर ते शक्यच नसतं.

यावर एक चांगला उपाय निघाला आहे आणि तो फार थोड्या ग्राहकांना माहीत आहे. डिसेंबर 2022 च्या अधिसूचनेने जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरांसाठी नियम आले, ते 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. डीलर अधिकृत असेल तर गाडी ताब्यात घेताना फॉर्म 29C ऑनलाइन भरता येतो, आणि गाडी डीलरच्या ताब्यात गेल्याची नोंद ‘वाहन’वर होते. ‘29C भरून देणार का?’ एवढं विचारावं. हो म्हटलं आणि पोचपावती दिली, तर एक्सचेंजवरचा माझा निम्मा आक्षेप मिटतो. ‘त्याची गरज नाही, आमचं नेहमीचंच आहे’ असं उत्तर आलं, तर निदान डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळ, किलोमीटरचा आकडा आणि घेणाऱ्याच्या आधारची प्रत हवी. चलनावर मिनिटापर्यंतची वेळ असते, म्हणून आपल्या कागदावरही ती असली पाहिजे.

गाडी चालती आहे, नोंदणीची दोन-तीन वर्षं शिल्लक आहेत आणि नवी गाडी त्याच शोरूममधून घ्यायची आहे, तर एक्सचेंज वाईट नाही. नोंदणी संपलेली असेल तर मात्र ब्रोकर नूतनीकरणाची फी, उशिराचे पैसे आणि तपासणीचा खर्च आधीच किमतीतून कापून आकडा सांगतो.

स्क्रॅप केंद्र: रक्कम थोडी कमी, कागद पूर्ण

स्क्रॅप केंद्रांचे नियम सप्टेंबर 2021 चे. गाडी कुठल्या आरटीओची आहे याचं इथे बंधन नाही. इंदुरची म्हणजे एमपी 09 ची गाडी भोपाळच्या केंद्रालाही देता येते, म्हणून दोन-तीन ठिकाणी दर विचारावा. भाव ठरतो गाडीच्या रिकाम्या वजनावर. मारुती 800 साडेसहाशे किलोच्या आसपास, जुनी वॅगन आर सव्वाआठशेच्या, इंडिका हजाराच्या आसपास. किलोला 25 रुपये धरले तर वॅगन आरचे 20,625. लोखंडाचा दर आठवड्याला हलतो, तेव्हा दर लेखी आणि तारखेसह घ्यावा.

दर विचारताना पुढचे प्रश्न लगेच विचारावेत. वजन आरसीवरचं धरणार की काट्यावरचं? टोइंगचे पैसे कोण देणार? बॅटरी, कन्व्हर्टर, स्टेपनी नसेल तर किती कापणार? बॅटरीचं गणित वेगळं करून पाहण्यासारखं आहे. लहान गाडीची बॅटरी दहाएक किलोची, म्हणजे किलोच्या दराने अडीचशे रुपये. बॅटरीच्या दुकानात जुन्या बॅटरीला सहसा याहून जास्त मिळतात. केंद्र तिच्यासाठी किती कापतं ते विचारून ठरवावं. सीएनजी किट मात्र काढू नये. आरसीवर इंधन ‘पेट्रोल-सीएनजी’ लिहिलं असेल आणि सिलिंडर जागेवर नसेल, तर तिथे प्रश्न उभा राहतो. जुना सिलिंडर बाहेर विकणंही धोक्याचं.

मिळतं काय? पैसे आपल्या बँक खात्यात येतात, त्यासाठी रद्द केलेला चेक लागतो. गाडी जमा केल्यावर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. गाडी प्रत्यक्ष मोडल्यावर व्हेइकल स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र निघतं आणि नोंदणी रद्द होते. घेण्याआधी केंद्राला गाडी चोरीच्या नोंदींमध्ये तपासावी लागते. चेसिस नंबरचा कापलेला तुकडाही सहा महिने जपून ठेवावा लागतो. कबाडीकडे जो तुकडा कुठे जातो याची आपल्याला काळजी लागते, त्याचा इथे हिशेब राहतो.

आता पैशाकडे पुन्हा पाहू, कारण इथे पारडं फिरतं. डिपॉझिटच्या सर्टिफिकेटवर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये 25 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे, आणि नोंदणी फी माफ. कोटेशनवर टॅक्स 60,000 असेल आणि पूर्ण 25 टक्के मिळाले, तर 15,000 वाचतात. 20,625 मध्ये ते मिळवले की 35,625. कबाडीने समजा 24,000 रोख दिले असते. नवी गाडी घ्यायची नसेल तर हे सर्टिफिकेट ऑनलाइन दुसऱ्याच्या नावे करता येतं, म्हणजे ते विकताही येतं. काही कंपन्यांनी 2024 मध्ये स्क्रॅप सर्टिफिकेटवर स्वतःची सवलत काही काळापुरती जाहीर केली होती. तशी काही योजना चालू आहे का ते शोरूममध्ये विचारावं. एक्सचेंज बोनस आणि स्क्रॅपची सवलत दोन्ही एकत्र सहसा देत नाहीत, म्हणून जी मोठी असेल ती मागावी. टॅक्समधली सवलत मात्र कंपनीची नाही, सरकारची आहे. ती बिल बनण्याआधीच सांगावी. टॅक्स एकदा भरला गेला की परत मिळवणं अवघड.

तोटे लपवत नाही. पहिला म्हणजे वेळ. दुसरा म्हणजे कागद, आणि खरी दमछाक तिथेच होते. ‘वाहन’वर जुना मोबाइल नंबर असतो, ओटीपी बंद झालेल्या सिमवर जातो. नंबर आधी बदलून घ्यावा. 2009 ला घेतलेलं कर्ज 2014 ला फिटलं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. त्यासाठी फॉर्म 35 आणि बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. कर्ज देणारी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल तर हे पत्र मिळवायला सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून सुरुवात इथूनच करावी. थकलेली चलनं आणि काळ्या यादीतली नोंद हीसुद्धा अडते. खूप जुन्या वहीसारख्या आरसीची नोंद संगणकावर चढलेलीच नसते, तिची आधी आरटीओत बॅकलॉग एंट्री करावी लागते. आणि आपल्या घरांतून नेहमी आढळणारी गोष्ट म्हणजे गाडी अजून आजोबांच्या किंवा बाबांच्या नावावर असते आणि ते हयात नसतात. अशा वेळी मृत्यू दाखला आणि वारसाची कागदपत्रं केंद्राला आधी दाखवून घ्यावीत. नाव बदलूनच या म्हणाले तर फॉर्म 31 भरावा लागतो.

बोजा उतरलेला, मोबाइल नंबर चालू आणि मालक हयात असेल, तर हे काम फार जड जात नाही. मी स्वतः हीच वाट धरली. कबाडीच्या दोन-तीन हजारांसाठी पुढची कित्येक वर्षं दर महिन्याला आपल्या नंबरावर चलन आलं का ते तपासत बसायची माझी तयारी नव्हती. नवी गाडी घ्यायची नाही आणि सर्टिफिकेट विकायचा खटाटोपही नको, अशा माणसाला कबाडीचा भाव मोह घालेल हे मी समजू शकतो. त्यालाही मी आधी केंद्राचा लेखी दर घेऊनच काय ते ठरवायला सांगेन.

गाडी जाण्याआधी

ज्या कुणाला गाडी द्याल, त्याआधी फास्टॅग देणाऱ्या बँकेकडून तो बंद करून घ्या. नुसता काचेवरून खरवडून भागत नाही, खातं चालू राहतं. ग्लोव्ह बॉक्स, सीटखाली आणि डिकीतल्या गालिच्याखाली विमा, पीयूसी, सर्व्हिस बुक असे आपल्या नावाचे कागद निघतात, ते काढून घ्या. पेट्रोल टाकीत कमीत कमी असू द्या, त्याचे पैसे कुणी देत नाही.

विम्यावर नो क्लेम बोनस जमला असेल तर तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. दहा-बारा वर्षं क्लेम न केलेल्या माणसाचा तो 50 टक्क्यांपर्यंत गेलेला असतो, आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या प्रीमियममधून तेवढे थेट वजा होतात. विमा कंपनीकडून त्याचं राखीव पत्र मागून घ्यावं, ते तीन वर्षं चालतं. मात्र पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की बोनस बुडतो. म्हणून गाडी दाराशी नुसती उभी असली तरी विमा संपण्याची तारीख पाहूनच सगळं वेळापत्रक आखावं. गाडी गेल्यावर एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकून पाहत राहावं आणि नोंदणी रद्द झाल्याचं दिसेपर्यंत पावत्यांची फाइल कपाटात टाकू नये.